एकाच सह्याद्रीचे दोन उतार : गड, वाटाड्या आणि द्राक्षबाग

नाशिक म्हटले की यात्रेकरूला गोदावरीचा घाट, त्र्यंबकेश्वर आणि दर बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ आठवतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र या जिल्ह्याकडे निराळ्याच ओढीने येणारा प्रवासी दिसू लागला आहे. सकाळी तो कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी गड चढतो, दुपारी पायथ्याच्या पाड्यावर नागलीची भाकरी खातो आणि दुसऱ्या दिवशी द्राक्षबागेत जाऊन वाइनची चव घेतो. वरवर पाहता ही सारी मोट ओढूनताणून बांधलेली वाटते. वस्तुतः या सर्वांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे सह्याद्री.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. पुढे त्याची झीज होऊन ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर यांसारखे ताशीव कड्यांचे डोंगर उभे राहिले. नैर्ऋत्य मोसमी वारे याच भिंतीवर आदळतात. म्हणून इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि अवघ्या काही तासांच्या वाटेवरील निफाडला काही शे मिलिमीटरवर समाधान मानावे लागते. पश्चिमेकडे भात, नागली आणि वरई, पूर्वेकडे द्राक्षे. जिल्ह्याच्या या दोन तोंडांचा परिचय एकाच फेरीत व्हावा, हेच अशा प्रवासाचे खरे प्रयोजन होय.

हरिहरच्या पायऱ्या

त्र्यंबकेश्वराच्या पश्चिमेस असलेला हरिहर १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. निरगुडपाडा किंवा हर्षेवाडी या गावांतून वर जाता येते. पायथ्याची वाट सोपी आहे. कसोटी लागते ती अखेरच्या टप्प्यात. तेथे जवळजवळ उभ्या कातळात पायऱ्या खोदलेल्या असून हाताची बोटे रोवण्यासाठी त्यांत खोबणी आहेत. चढताना माणूस निर्धास्त असतो. उतरताना मात्र दरी डोळ्यांसमोर येते आणि भल्याभल्यांचे पाय लटपटतात. तोंड कातळाकडे करून, एकेक खोबण चाचपत खाली यावयाचे, हे पुस्तकात वाचून उमगत नाही. ते वाटाड्यानेच दाखवावे लागते. सुटीच्या दिवशी वर जाणारे आणि खाली येणारे एकाच अरुंद जिन्यावर समोरासमोर येतात, तेव्हा कोणाला थांबवावयाचे आणि कोणाला सोडावयाचे हेही तोच ठरवितो. पावसाळ्यात दगड शेवाळतो. त्या दिवसांतील धुक्याची छायाचित्रे कितीही मोहक असोत, नवख्याने त्या वेळी येथे न येणेच श्रेयस्कर.

ज्यांना एवढे साहस नको, त्यांनी अंजनेरीचे पठार पाहावे. या डोंगराच्या नावाने ओळखली जाणारी 'सेरोपेजिया अंजनेरिका' ही कंदीलपुष्पाची जात २००६ मध्ये प्रथम शास्त्रीयदृष्ट्या नोंदली गेली. गवतात दडलेले हे फूल जाणत्याने बोट दाखविल्याखेरीज सहसा दिसत नाही.

वाटाड्या कोण?

हा जाणता पाड्यावरचाच असावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत महादेव कोळी, कोकणा, वारली आदी समाजांची वस्ती आहे. भात निघाला की येथील शेतीचे काम संपते आणि कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. छाटणी, विरळणी आणि तोडणी त्यांच्याच हातांनी होते. म्हणजे प्रवासी ज्या महिन्यांत गड चढावयास येतात, नेमक्या त्याच महिन्यांत गडाच्या वाटा जाणणारी माणसे गाव सोडून गेलेली असतात. गाडी, वाहक, जेवण सारे मुंबई-पुण्याहून बरोबर आणणारी सहल पाड्यावर रिकाम्या बाटल्यांखेरीज काही ठेवून जात नाही. वाट दाखविण्याची आणि दोन वेळच्या जेवणाची रक्कम जर गावात राहिली, तर निदान काही घरांना त्या हंगामात कुलूप लागणार नाही. होळीनंतरच्या दिवसांत अनेक गावांत बोहाडा होतो. देवदेवतांचे लाकडी वा कागदी मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर रात्रभर सोंगे नाचविली जातात. पाहुण्याने तेथे गावाच्या परवानगीने बसावे. तो त्यांचा उत्सव आहे, मागणीनुसार करावयाचा कार्यक्रम नव्हे.

बागेतील हिशेब

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून शेतकरी त्याला दोनदा छाटतो : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस ओसरताना फळछाटणी. त्यामुळे मणी कोरड्या थंडीत भरतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोड होते. रात्रीची थंडी द्राक्षातील आंबटपणा टिकविते. पण निफाडचा पारा पाच अंशांखाली घसरला की त्याच थंडीपासून बाग वाचविण्यासाठी रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगविण्यासाठी घड संजीवकाच्या द्रावणात बुडवितात. वाइनला मात्र लहान मणी हवा, कारण रंग आणि स्वाद बहुतांशी सालीत असतो. लाल वाइन सालीसह आंबविली जाते, तर पांढरीसाठी रस आधीच वेगळा काढतात.

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर हा धंदा वाढला. विंचूरला स्वतंत्र वाइन पार्क झाले. परंतु २००८ नंतर मागणी घसरली, कारखाने अडचणीत आले आणि अनेक बागायतदारांनी वाइनच्या वेली उपटून टाकल्या. बागेत येऊन चव घेणारा आणि तेथेच बाटली विकत घेणारा पाहुणा कारखान्यांना त्यानंतर अधिकच मोलाचा वाटू लागला, यात नवल नाही.

मात्र क्रम चुकता कामा नये. आधी गड, मग बाग, आणि वाइन चाखल्यावर त्या दिवशी चढाई नाही की गाडी हाकणे नाही. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम चालविणाऱ्या संस्थेने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावयाची असते. पैसे भरण्यापूर्वी ते प्रमाणपत्र पाहण्यास मागावे. उत्तम काळ फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य. तोड सुरू असते, बोहाड्याचे दिवस जवळ आलेले असतात, आणि हरिहरचा कातळ तापण्यापूर्वी खाली यावयाचे असेल तर उजाडण्याच्या आत निरगुडपाडा सोडावा लागतो.