बचावपटूची वाटचाल : राहुल भेके

फुटबॉल खेळाडूंची नावे सांगा म्हटले की आपण मेस्सी, रोनाल्डो, सुनील छेत्री अशी गोल करणाऱ्यांचीच नावे घेतो. गोल होऊ न देणारा बचावपटू सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. या अंकात अशाच एका मराठी बचावपटूची, राहुल भेकेची ओळख करून घेऊ. त्याच्या वाटचालीवरून व्यावसायिक फुटबॉल कसे चालते आणि त्यातली मिळकत कितपत भरवशाची असते, हेही कळेल. म्हणून पालकांनीही हा लेख जरूर वाचावा.

आधी क्लब म्हणजे काय ते पाहू. देशाच्या संघात खेळाडूला वर्षातले थोडेच दिवस बोलावले जाते. त्याचे पोट चालते ते क्लबवर. क्लब त्याच्याशी ठरावीक मुदतीचा करार करतो आणि पगार देतो. मुदत संपली की खेळाडू मोकळा होतो. मुदतीच्या आत दुसऱ्या क्लबला तो हवा असेल, तर त्या क्लबला पहिल्या क्लबशी बोलणी करावी लागतात व बहुधा पैसे मोजावे लागतात. काही महिन्यांपुरते खेळाडूला दुसऱ्या क्लबकडे पाठवणे, याला ‘लोन’ म्हणतात.

राहुलचा जन्म ६ डिसेंबर १९९० रोजी मुंबईत झाला. मुंबई एफसी या क्लबकडून तो आय-लीग खेळला व पुढे कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबमध्ये गेला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली होती. सुरुवातीच्या वर्षांत ही स्पर्धा दोन-तीन महिन्यांतच आटोपत असे आणि आय-लीग त्यानंतर होई. त्यामुळे एकच खेळाडू वर्षात दोन क्लबांकडून खेळू शके. राहुलही ईस्ट बंगालकडून लोनवर २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडे आणि २०१६ मध्ये पुणे सिटीकडे खेळला. नवे गाव, नवी भाषा, नवा प्रशिक्षक, आणि प्रत्येक ठिकाणी जागा नव्याने मिळवायची!

२०१७ मध्ये तो बेंगळुरू एफसीमध्ये गेला आणि त्याचे नाव देशभर झाले. तो उजव्या बाजूलाही खेळतो आणि बचावफळीच्या मध्यभागीही. दोन जागा सांभाळणारा खेळाडू प्रशिक्षकाला नेहमीच हवा असतो. एप्रिल २०१८ मध्ये सुपर कपच्या अंतिम सामन्यात समोर त्याचाच जुना क्लब ईस्ट बंगाल होता. बेंगळुरू एका गोलने मागे असताना राहुलने बरोबरी साधून दिली आणि शेवटी संघ ४-१ असा जिंकला.

त्याच वर्षी १७ मार्चला आयएसएलचा अंतिम सामना बेंगळुरूने स्वतःच्या मैदानावर गमावला होता. बरोबर एका वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, मुंबईत गोव्याविरुद्ध पुन्हा अंतिम सामना झाला. जादा वेळेतही गोल होत नव्हता. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, राहुलने चेंडूला डोके लावले आणि एकमेव गोल झाला. आपल्याच शहरात, पण पाहुण्या संघाकडून!

बचावपटू गोल कसा करतो, असे तुम्ही विचाराल. कॉर्नरच्या वेळी उंच बचावपटू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलजवळ जातात. चेंडू कुठे पडेल याचा अंदाज घ्यायचा, दोन पावले आधी निघायचे आणि वेळेवर उडी मारायची. बचाव करतानाही हीच कला लागते. चेंडू परतवायचा की जाळ्यात घालायचा, एवढाच काय तो फरक!

२०२१ मध्ये तो मुंबई सिटीकडे आला. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला या संघाने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. त्यातला विजयी गोल राहुलच्या हेडरचा. मे २०२४ मध्ये मुंबईने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने नमवून आयएसएल करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार तोच होता. त्यानंतर तो पुन्हा बेंगळुरूला गेला.

आपल्या तेलंगणाशीही त्याचा एक धागा आहे. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हैदराबादच्या गचिबौली मैदानावर भारत मलेशियाविरुद्ध मागे पडला होता. कॉर्नरवरून राहुलने हेडर मारला आणि सामना १-१ असा बरोबरीत सुटला. हैदराबाद म्हणजे फुटबॉलचे जुने घर. १९६२ मध्ये जकार्ता येथे भारताला आशियाई सुवर्णपदक मिळवून देणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचेच, आणि मूळचे शाळामास्तर.

आता दुसरी बाजू. राहुल ज्यांच्याकडून खेळला त्यांपैकी मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला व पुढे बंद पडला. पुणे सिटीही २०१९ मध्ये बंद झाला. पुण्याच्या जागी हैदराबाद एफसी आला, २०२२ मध्ये विजेता ठरला, आणि २०२५ मध्ये नाव बदलून दिल्लीला गेला. त्याच वर्षी लीगच्या करारावरून पेच निर्माण झाला, हंगाम वेळेवर सुरू झाला नाही आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू क्लबने खेळाडूंचे पगार थांबवत असल्याचे जाहीर केले. देशाकडून खेळणाऱ्यांचीही त्यातून सुटका नव्हती.

म्हणून मुलांना खेळू द्यायचे नाही का? तसे मुळीच नाही. शाळांसाठी सुब्रतो चषक ही स्पर्धा १९६० पासून चालू आहे. मैदानावर जायला हवेच. मात्र दहावी-बारावीची पुस्तकेही सोबत हवीत, कारण खेळाडूचे मैदानावरचे आयुष्य फार तर पंधरा-वीस वर्षांचे असते आणि एखादी दुखापत तेही कमी करते. कापसाच्या भावावर घर चालवणाऱ्या आपल्या भागातील पालकांना, एकाच पिकावर सगळे अवलंबून ठेवू नये हे वेगळे सांगायला नको.

आणि मुलांनो, संघ निवडताना सगळेच पुढे खेळायला धावतात. एकदा मागची जागा मागून पाहा. तिथे उभे राहिले की सगळे मैदान समोर दिसते.