त्रिकोणाला राग कधी येतो?

अॅनिमेशनपटात संगीतानं प्रसंगाचा भाव कसा बदलतो हे आठवीच्या मुलांना कसं दाखवावं, असं एका शिक्षिकेनं विचारलं आहे. चटकन आठवतो तो पिक्सारचा ‘अप’ (2009). कार्ल आणि एलीचा अख्खा संसार चार-पाच मिनिटांत, संवादाशिवाय. सोबत मायकेल जियाकिनोची एकच धून, आधी बागडणारी, शेवटी पियानोवर एकटी पडलेली. मुलांचे डोळे पाणावतील, पण ते सुरांमुळे की गोष्टीमुळे, हे सांगता यायचं नाही.

म्हणून सुरुवात त्रिकोणांपासून करावी. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी 1944 साली एक छोटी मूक फिल्म अभ्यासासाठी वापरली. एक मोठा त्रिकोण, एक छोटा, एक वर्तुळ आणि दार उघडणारा चौकोन. ना चेहरा, ना डोळे. तरी पहिल्या गटातल्या 34 जणींपैकी जवळपास निव्वळ भूमितीच्या भाषेत वर्णन केलं ते एकीनंच! बाकीच्यांना त्यात जिवंत पात्रं दिसली.

1988 मध्ये सँड्रा मार्शल आणि अॅनाबेल कोहेन यांनी याच फिल्मला दोन वेगवेगळी संगीतं जोडली. आकृत्या त्याच, हालचाली त्याच, पण कोण किती चळवळं वाटतं ते बदललं, आणि गंमत म्हणजे सगळ्या आकृत्यांचं सारखं बदललं नाही. कोहेन यांचं स्पष्टीकरण मला फार आवडतं: ज्या आकृतीच्या हालचालीशी लय जुळते तिच्याकडे लक्ष वेधलं जातं, आणि मग सुरांतला भाव तिलाच चिकटतो. ‘हे स्वर आनंदाचे, ते दुःखाचे’ अशी कोष्टकं पाठ करून घेणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर पाहावा. लक्ष कुणाकडे जातं, हा प्रश्न त्या कोष्टकांत येतच नाही.

कार्टूनवाल्यांना लयीची ही ताकद आधीपासून ठाऊक होती. डिस्नेच्या ‘द स्केलेटन डान्स’मध्ये (1929) कार्ल स्टॉलिंग यांचं संगीत आणि सांगाड्यांच्या हालचाली ठोक्याला ठोका बांधलेल्या आहेत. हिशेब मुलांना फळ्यावर करता येतो: सेकंदाला 24 चित्रं, दर 12 चित्रांना एक ठोका, म्हणजे मिनिटाला 120 ठोके.

वर्गाचे तीन गट करून पहिल्या दोन गटांना त्रिकोणांची फिल्म वेगवेगळ्या धुनींवर दाखवा आणि दांडगट कोण, घाबरट कोण ते लिहायला सांगा. मग तिसऱ्या गटाला पहिलीच धून तीन सेकंद उशिरा सुरू करून ऐकवा, म्हणजे लय वेगळ्या हालचालींशी जुळली की उत्तरं बदलतात का ते दिसेल.