मोहाच्या झाडाखाली रोपे का नाहीत?

भंडारा जिल्ह्यात साकोली किंवा तुमसरकडच्या जंगलालगतच्या गावात मोह वेचणाऱ्या बाईला झाडांबद्दल विचारून पाहा. अमक्या धुऱ्यावरच्या झाडाची फुले जाड आणि गोड, तलावाच्या पाळीवरचे झाड उशिरा फुलणारे, तिसऱ्याची फुले भरपूर पण बारीक, असा हिशेब ती झाडागणिक सांगेल. (मोहाडी तालुक्याच्या तर नावातच मोह ऐकू येतो!) या फरकांपैकी काही जमीन आणि पाणी यांमुळे पडतात, काही जनुकांमुळे. जनुकांमुळे पडणारे फरक बियांतून पुढच्या पिढीत उतरतात. त्यालाच आपण जनुकीय वैविध्य म्हणतो.

हवामानबदलाशी याचा संबंध काय? धानाशी तुलना केली तर तो चटकन कळतो. धानाची पिढी एका हंगामाची असते. पाऊस बदलला, नवी कीड आली, तर संशोधक दहा-बारा वर्षांत नवे वाण देऊ शकतात. मोहाला फुले यायलाच आठ-दहा वर्षे लागतात आणि यंदा रुजलेले रोप नीट वाढले तर २१०० सालीही उभे असेल. तेव्हाचा उन्हाळा किती कडक असेल, पावसात किती खंड पडतील, हे आज नेमके सांगता येत नाही. झाडाला जागा सोडून जाताही येत नाही. अशा वेळी एकच 'उत्तम' झाड निवडून त्याचीच लागवड करणे हा जुगार ठरतो. निसर्गाची रीत निराळी आहे. वेगवेगळ्या जनुकांची पुष्कळ रोपे उगवतात, त्यांतली बरीच मरतात, आणि बदललेल्या परिस्थितीत जी तगतात त्यांचेच बी पुढे जाते. निवड व्हायची तर निवडण्याजोगे वैविध्य आधी हवे.

वैविध्य नसेल तर काय होते, हे इंग्लंडमधील एल्म वृक्षाने दाखवून दिले. तो बियांपेक्षा मुळांच्या फुटव्यांनीच वाढत आला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत ही झाडे मूळच्या एकाच झाडाच्या प्रती असल्याचे आढळले. १९७०च्या दशकात बुरशीची साथ आली, तेव्हा ब्रिटनमध्ये अडीच कोटींहून अधिक एल्म मेले.

आपला मोह या बाबतीत सुदैवी आहे. त्याच्या कळीतून स्त्रीकेसराचे टोक फूल उमलण्याआधीच बाहेर डोकावते, त्यामुळे परक्या झाडाचे पराग मिळण्याची संधी वाढते. वटवाघळे फळे खाऊन बिया दूर नेऊन टाकतात. पहाटे गळते ती केवळ रसाळ पाकळ्यांची नळी; बीजांडकोश फांदीवरच राहतो आणि त्याचे फळ, म्हणजे टोळ, बनते. म्हणजे फुले वेचल्याने फळ बुडत नाही. मोह वेचणाऱ्यांना दोष देण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.

नुकसान होते ते पुढे. वेचणी सोपी व्हावी म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यात आधीची रोपे जातात. टोळ तेलासाठी गोळा होतात. त्यातूनही उगवले ते गुरे खातात. त्यामुळे धुऱ्यावर म्हातारी झाडे दिसतात, पण त्यांची पोरे दिसत नाहीत. असे झाड वठले की त्याची जनुकेही संपली.

मग बी साठवून ठेवता येणार नाही का? धानाचे बी सुकवून थंडीत ठेवले तर वर्षानुवर्षे टिकते. २०२२ साली महाराष्ट्र शासनाने 'महाराष्ट्र जनुक कोश' प्रकल्पाला मान्यता दिली, त्यातही पिकांच्या वाणांना स्थान आहे. मोहाचे बी मात्र सुकले की मरते. उगवण्याची त्याची शक्ती काही आठवड्यांतच संपते. मोहाची बँक म्हणजे उभी झाडे आणि त्यांच्याखाली वाढणारी रोपे. २०१३ साली घोषित झालेल्या कोका अभयारण्यासारखी संरक्षित जंगले ही अशी बँक खरीच, पण शेतांतली झाडे तिच्याबाहेर राहतात. कलमे लावण्यालाही माझा विरोध नाही, उत्पन्न लवकर मिळते. पण एका झाडाची शंभर कलमे म्हणजे जनुकांच्या हिशेबात एकच झाड.

शाळेच्या रोपवाटिकेतही हीच गफलत होते. मैदानातल्या एका झाडाच्या बियांपासून केलेली दोनशे रोपे एकाच आईची लेकरे असतात. त्याऐवजी मुलांनी आपापल्या शिवारातून बिया आणाव्यात. निदान पंचवीस-तीस झाडे, एकमेकांपासून सुमारे शंभर मीटर दूर असलेली, आणि प्रत्येकाच्या सारख्याच बिया. जवळची झाडे बहुधा नात्यातली असतात, म्हणून हे अंतर. जूनमध्ये टोळ पिकले की बिया काढून चार-आठ दिवसांत पेराव्यात. सोटमूळ खोल जाते, तेव्हा पिशवी लांब घ्यावी. प्रत्येक पिशवीवर मातृवृक्षाचा क्रमांक घातला, माती आणि पाणी सगळ्यांना सारखे दिले, तर पुढच्या मे महिन्यात कोणत्या झाडाची किती रोपे तगली हे वर्गाला मोजता येईल.