स्वयंपाकघरातील वीजगळती आणि जीवरक्षक कळ

मिक्सर, विजेची किटली, पाणी तापविण्याची कांडी ही साधने आता खेड्यांतील स्वयंपाकघरांतही रूढ झाली आहेत. मीटरजवळ फ्यूज आहे, म्हणजे धोका टळला, असा समज मात्र सर्वत्र आढळतो. वस्तुतः फ्यूज असो वा एमसीबी, तो राखण करतो ती तारेची, माणसाची नव्हे. पाच अँपिअरचा फ्यूज ५,००० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह झाल्याखेरीज वितळत नाही. उलट, ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून सदोष किटलीला हात लावणाऱ्याच्या शरीरातून १०० मिलिअँपिअर प्रवाह काही सेकंद वाहिला, तरी हृदयक्रिया बंद पडू शकते. फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही.

ही उणीव आरसीसीबी भरून काढतो. लोक त्याला अद्याप ईएलसीबी या जुन्या नावानेच ओळखतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरता परतला की नाही, एवढाच जमाखर्च तो पाहतो. प्रवाहाचा काही भाग शरीरावाटे जमिनीत गेला, की तूट पडते आणि कळ पुरवठा तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरची कळ घ्यावी. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची कळ माणसाच्या रक्षणासाठी नसते. १५० मिलिअँपिअर गळतीस ही कळ ४० मिलिसेकंदांत तुटावी, अशी अपेक्षा असते. अमेरिकेत चार्ल्स डॅलझिएल यांनी १९६१ मध्ये याच तत्त्वावर ५ मिलिअँपिअरचे साधन सिद्ध केले. तेथे ते ओट्याजवळच्या सॉकेटमध्येच बसवितात. आपल्याकडे ते बहुधा मुख्य फलकावर असते.

खरी अडचण पुढेच आहे. कळ वारंवार पडू लागली, की ती वगळून थेट जोडणी करून घेतली जाते. हा उपाय नव्हे, आत्मघात होय. पुष्कळदा दोष कांडीच्या किंवा गीझरच्या तापक घटकात असतो. दीर्घकाळ न वापरल्यास त्यातील निरोधक भुकटी दमट होते आणि गळती सुरू होते. सर्व साधने सॉकेटमधून काढून एकेक जोडीत गेल्यास सदोष साधन ओळखता येते. एकही साधन जोडलेले नसताना कळ पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये समजून परवानाधारक तंत्रज्ञास बोलवावे.

एकाच वेळी फेज व न्यूट्रल अशा दोन्ही तारांना स्पर्श झाल्यास ही कळ वाचवीत नाही. अर्थिंग व एमसीबी यांचीही गरज तिच्यामुळे संपत नाही. अर्थिंग चांगले असेल, तर सदोष साधनाला कोणी हात लावण्यापूर्वीच ती तुटते. कळीवरील ‘टी’ हे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पुरवठा चालू असताना ते दाबूनही कळ न पडल्यास ती बदलून घ्यावी.