आलेखाचें अवजार : बसवणी, बिघाड आणि दुरुस्ती

पर्जन्यमापकाची नोंदवही, विहिरीच्या पातळीचें टिपण आणि बाजारभावाची वही हीं तीन साधनें ज्याच्या घरीं आहेत, त्या शेतकऱ्याच्या हातीं मोठें धन आहे. परंतु आकड्यांच्या रांगा वहींत नुसत्या पडून राहिल्या, तर त्यांचा उपयोग कीड लागलेल्या बियाण्याइतकाच होतो. तेच आकडे रेषेच्या रूपानें कागदावर उतरले, म्हणजे पावसानें केव्हां ताण दिला व विहिरीनें कोणत्या महिन्यांत तळ गांठला, हें एका दृष्टिक्षेपांत कळतें. असे आलेख संगणकावर काढण्याचें एक उत्तम व विनामूल्य अवजार म्हणजे पायथन भाषेंतील मॅटप्लॉटलिब होय. शेतकरी कुटुंबांतील पुष्कळ मुलें-मुली आज ही भाषा महाविद्यालयांत शिकतात. त्यांच्यासाठीं, व त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठीं, हा लेख आहे.

हें अवजार जॉन हंटर ह्या अमेरिकन मज्जाशास्त्रज्ञानें तयार केलें. अपस्माराच्या रोग्यांच्या मेंदूंतील विद्युत्-लहरींच्या नोंदी पाहण्यासाठीं त्याला साधन हवें होतें. त्या गरजेंतून निघालेलें हें काम २००३ सालीं लोकांपुढें आलें. हंटर २०१२ सालीं निवर्तला, तरी अनेक देशांतील स्वयंसेवकांनीं तें पुढें चालविलें आहे.

बसवितांना येणाऱ्या अडचणी

(खालील आज्ञा देवनागरींत दिल्या आहेत, यंत्रावर त्या रोमन अक्षरांत टंकाव्यात.)

सर्वांत अधिक ऐकूं येणारी तक्रार अशी कीं, अवजार बसविलें, तरी 'मॅटप्लॉटलिब नांवाचें मोड्यूल सांपडत नाहीं' असेंच उत्तर येतें. ह्याचें कारण बहुधा एकच असतें. यंत्रावर दोन पायथन असतात. अवजार एकाच्या घरीं उतरतें आणि आपण काम दुसऱ्याला सांगतो. म्हणून नुसतें 'पिप इन्स्टॉल' न म्हणतां, 'पायथन -एम पिप इन्स्टॉल मॅटप्लॉटलिब' अशी आज्ञा द्यावी. ज्या पायथननें आलेख काढावयाचा, त्याच्याच घरीं मग अवजार जातें.

आपल्याच फाइलीला 'मॅटप्लॉटलिब' हें नांव देणें हें दुसरें कारण होय. पायथन आधीं जवळचें पाहतो. त्यामुळें खरें अवजार बाजूस राहून तुमचीच फाइल पुढें येते. नांव बदलावें, म्हणजे काम सुरळीत चालतें.

लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांत, उदाहरणार्थ २०२३ सालच्या डेबियन १२ मध्यें, 'ही व्यवस्था बाहेरून सांभाळली जाते' अशा अर्थाचा नकार मिळतो. तो मोडून काढूं नये. कारण यंत्राचीं स्वतःचीं कामें त्याच पायथनवर चालतात. 'पायथन३ -एम व्हेन्व्ह' ह्या आज्ञेनें स्वतंत्र वाफा आंखावा आणि त्यांतच अवजार लावावें. एका वाफ्यांतील रोग दुसऱ्यांत जात नाहीं, हा लाभ निराळाच.

बसवितांना कंपायलरविषयीं लांबलचक तक्रार आली, तर तुमच्या पायथनसाठीं तयार बांधणी मिळाली नाहीं व यंत्र मूळ लेखनापासून ती घडवूं पाहत आहे, असें समजावें. पायथन फार नवा किंवा फार जुना असला, म्हणजे असें होतें. मधली, रुळलेली आवृत्ति घ्यावी. तसेंच २०२४ सालीं नमपायची २.० आवृत्ति निघाल्यानंतर तिच्यापूर्वीं बांधलेलीं जुनीं अवजारें तिच्याशीं जुळेनाशीं झालीं. अशा वेळीं दोन्ही एकदमच नवीं करावींत.

आलेख दिसतच नाहीं

आज्ञा बिनचूक चालते, परंतु पडद्यावर कांहींच येत नाहीं, हाही नेहमींचा अनुभव. मॅटप्लॉटलिब चित्र रेखाटण्याचें काम निरनिराळ्या 'बॅकएंड'कडे सोंपवितें. त्यांपैकीं 'ॲग' हा केवळ फाइल लिहितो, खिडकी उघडीत नाहीं. खिडकी हवी असल्यास टीके किंवा क्यूटी ह्यांसारखें एखादें साधन यंत्रावर असावें लागतें. तें नसेल, तर 'सेव्हफिग'नें चित्र फाइलींत उतरवावें. मात्र ही आज्ञा 'शो'च्या आधीं द्यावी. खिडकी मिटल्यावर दिल्यास पुष्कळदां कोरें पानच हातीं येतें.

खोटा आलेख ओळखावा कसा?

वरील बिघाड निदान ओरडून तरी सांगतात. खरा धोका मुकाट्यानें चुकणाऱ्या आलेखाचा आहे. समजा, कांदा चाळींत आहे आणि तीन आठवड्यांचा भाव क्विंटलला १,२००, १,१०० व ९५० असा उतरत गेला. हजाराच्या स्वल्पविरामामुळें, किंवा एका रकान्यांत 'बाजार बंद' असे शब्द असल्यामुळें, फाइल वाचतांना तो सगळाच स्तंभ आकडे न राहतां शब्द होतो. मॅटप्लॉटलिब शब्दांना त्यांच्या येण्याच्या क्रमानें जागा देतें : पहिला तळाशीं, दुसरा त्यावर, तिसरा माथ्यावर. परिणामीं उतरता भाव चढत्या रेषेनें दिसतो! त्या रेषेवर विसंबून जो माल राखून ठेवील, त्याचें नुकसान कोण भरून देणार?

ओळखण्याची खूण सोपी आहे. उभ्या अक्षावरील आकडे सारख्या अंतरानें वाढत नसतील, तर ते आकडे नसून शब्द आहेत. त्यावर उपाय म्हणून पांडाजनें फाइल वाचतांना 'थाउजंड्स' ह्या पर्यायांत स्वल्पविराम नोंदवावा, आणि 'टू न्यूमेरिक' आज्ञेस 'कोअर्स' सांगून न वाचतां येणाऱ्या जागा रिकाम्या करून घ्याव्यात. तारखांचेंही तसेंच. आपण दिवस आधीं लिहितों. म्हणून 'डेफर्स्ट' सांगितलें नाहीं, तर ५ जूनचा पाऊस ६ मे रोजीं पडावयाचा. ज्या दिवशीं नोंद राहिली, तेथें शून्य कधींही घालूं नये. नोंद नसणें आणि पाऊस नसणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. जागा रिकामी ठेविल्यास रेषा तेथें तुटते, आणि तेंच खरें.

मराठी अक्षरें व आपल्या सोयीचे फेरफार

आलेखाला मराठी मथळा दिला, कीं अक्षरांऐवजीं चौकटी उमटतात. कारण मुळांत दिलेल्या देजावू सॅन्स टंकांत देवनागरी नाहीं. नोटो सॅन्स देवनागरीसारखा टंक 'ॲडफाँट'नें जोडून 'फाँट फॅमिली'मध्यें त्याचें नांव घालावें. तरीही ३.१० पर्यंतच्या आवृत्त्यांत वेलांट्या आपल्या जागीं बसत नाहींत व जोडाक्षरें फुटतात. त्यास दोन वाटा आहेत. एक, 'एमपीएलकैरो' हा बॅकएंड राक्म साधनासह वापरणें. दुसरी, चित्र एसव्हीजी फाइलींत काढून 'एसव्हीजी फाँटटाइप' ह्यास 'नन' सांगणें. मग अक्षरें अक्षरेंच राहतात आणि तीं जुळविण्याचें काम ब्राउझर नीट करतो.

विहिरीची पातळी जमिनीपासून खोल मोजली जाते. म्हणून त्या आलेखांत 'इन्व्हर्ट वायॲक्सिस'नें उभा अक्ष उलटा करावा. नाहीं तर विहीर आटतांना रेषा वर चढेल. छपाई काळ्या शाईंत होणार असल्यास रंगांवर न विसंबतां अखंड, तुटक व ठिपक्यांच्या रेषा वापराव्यात. चित्राचें मूळ माप ६.४ गुणिले ४.८ इंच असतें. छपाईसाठीं सेव्हफिगला इंचास ३०० ठिपके सांगावेत. हे सर्व फेरफार प्रत्येक वेळीं न लिहितां शैलीच्या एका फाइलींत नोंदवून 'स्टाइल यूज'नें बोलवावेत, म्हणजे दर महिन्याचा आलेख एकाच घडणीचा होतो व मागच्याशीं ताडून पाहतां येतो. जुन्या पुस्तकांतील 'सीबॉर्न' हें शैलीचें नांव चालेनासें झालें, तर घाबरूं नये, ३.६ आवृत्तीपासून तें 'सीबॉर्न-व्ही०_८' असें झालें आहे.

आमची सूचना इतकीच कीं, कोणताही आलेख विश्वासास पात्र ठरविण्यापूर्वीं त्यांतील तीन बिंदु वहींतील मूळ आकड्यांशीं ताडून पाहावेत. काट्यावर माल चढविण्यापूर्वीं काटा शून्यावर आहे ना, हें आपण पाहतोंच. आलेखालाही तोच न्याय लावावा.