उणे वीस अंश आणि रिकामं ताट

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओपीडी संपत आली असताना एक वडील आपल्या मुलाला घेऊन आले. वडील इथल्याच दारूगोळा भांडारात नोकरीला, मुलगा इंजिनिअर. त्याला कॅनडातल्या विनिपेग शहरात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता आणि सत्र जानेवारीत सुरू होणार होतं. व्हिसाची वैद्यकीय तपासणी झालेली होती, एक्स-रे स्वच्छ होता. माझ्याकडून त्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. "डॉक्टरसाहेब, याले तिथची थंडी सोसन का जी?"

प्रश्न रास्त होता. पुलगावला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि थंडीत 10 अंशांवर आला की आपण शेकोट्या पेटवतो. विनिपेगला जानेवारीत रात्रीचं तापमान उणे 20 च्या आसपास असतं. वडिलांनी नागपूरला तिबेटी स्वेटरवाल्यांकडून दोन स्वेटर, मफलर आणि कानटोपी आणून ठेवली होती. मी कपड्यांबद्दल सांगितलं, प्रवासात लागणारी औषधं लिहून दिली आणि दोघांना निरोप दिला. जेवणाबद्दल मात्र एक शब्द बोललो नाही. ते चुकलंच.

आधी थंडीचंच बोलू. गार हवेत शरीर हातापायांच्या आणि कातडीच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि उष्ण रक्त हृदय, मेंदू, फुफ्फुसांकडे राखून ठेवतं. म्हणून बोटं, नाक आणि कानाच्या पाळ्या आधी बधिर होतात. वारा असेल तर हे फार झपाट्यानं घडतं. वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे 28 च्या खाली गेली की उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते, असा इशारा कॅनडाचं हवामान खातं देतं. बोट पांढरं पडून बधिर झालं तर ते चोळायचं नाही, शेकायचंही नाही. आपल्याकडे हात गार पडले की चोळायची आणि शेकोटीवर धरायची सवय आहे. पण बधिर बोटाला चटका कळत नाही आणि चोळल्यानं आतल्या पेशी फाटतात. कोमट पाण्यात, म्हणजे अंगाच्या उष्णतेइतक्याच किंवा किंचित जास्त गरम पाण्यात, बोट बुडवून ठेवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. कापसाच्या मुलखात राहून सांगायला जड जातं, पण तिथे अंगालगत सुती बनियन नको. घामानं ओलं झालेलं सूत वाळत नाही आणि अंगातली उष्णता ओढून घेतं. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ कपडा, त्यावर स्वेटर आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट असावं.

तिसऱ्या आठवड्यात वडील एकटेच परत आले. हातात मोबाईल होता आणि चेहरा उतरलेला. मुलाच्या नाकातून रक्त आलं होतं, ते आईनं व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि घरात रडारड सुरू झाली. नाकाचं कारण साधं होतं. घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेनं आतली हवा कोरडीठाक होते, नाकाचं अस्तर सुकून तडकतं. मिठाच्या पाण्याचे थेंब आणि थोडं व्हॅसलीन लावलं की भागतं. पण वडील निघता निघता म्हणाले, पोरगा दिवसभर झोपून राहतो, विचारलं तर "सगळं मस्त आहे" एवढंच सांगतो. मी म्हटलं, रात्री मला फोन लावून द्या.

आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडे सकाळचे नऊ. मुलगा अंथरुणातच होता. खोली तळघरात, भाडं कमी म्हणून घेतलेली, वर छताजवळ एक अरुंद खिडकी आणि तीही बर्फानं झाकलेली. काय खातोस, असं विचारल्यावर आधी "जेवतो ना सर" आलं. काल सकाळपासून काय काय खाल्लं ते क्रमानं सांग म्हटलं, तेव्हा यादी निघाली: ब्रेड, दोन मिनिटांचे नूडल्स, चहा आणि पुन्हा ब्रेड. प्रत्येक भाजीची किंमत तो मनातल्या मनात डॉलरवरून रुपयांत करत होता आणि भाजी परत ठेवून देत होता. वडिलांनी काढलेलं कर्ज त्याला पाठ होतं. वजन चार किलो उतरलं होतं. यातलं काहीच घरी सांगितलेलं नव्हतं.

त्याच्याशी बोलताना मला आनंदीबाई जोशी आठवत होत्या. 1883 च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय 18. उन्हाळा रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात मायेनं गेला. शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि तिथली पहिली थंडी समोर आली. नऊवारीत पायाच्या पोटऱ्या उघड्या पडतात, म्हणून त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. आहार शाकाहारीच ठेवला. राहायच्या खोलीतली शेगडी नीट नव्हती आणि पेटवली की खोलीभर धूर होई, असा उल्लेख त्यांच्या चरित्रात येतो. म्हणजे एकतर धूर सोसायचा, नाहीतर गारठा. 11 मार्च 1886 ला त्या डॉक्टर झाल्या. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात क्षयानं गेल्या, तेव्हा वयाची 22 वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

"परदेशातल्या थंडीनं आनंदीबाईंचा बळी घेतला" असं आपण सहज म्हणतो. डॉक्टर म्हणून मला ते पटत नाही. क्षय थंडीनं होत नाही, जंतूनं होतो. रॉबर्ट कॉखनं तो जंतू 1882 च्या मार्चमध्ये जगाला दाखवला होता, आनंदीबाई निघण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. त्यावर औषध मात्र आणखी साठेक वर्षं यायचं होतं. हा जंतू शरीरात शिरला की लगेच आजार होतोच असं नाही. तो वर्षानुवर्षं निजून राहतो. जगातल्या सुमारे चौथाई लोकांच्या शरीरात तो असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यातल्या 5 ते 10 टक्क्यांनाच कधीतरी आजार होतो. त्याला जागं करणाऱ्या कारणांत मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू ही आहेतच, पण आपल्या देशात सगळ्यात मोठं कारण कुपोषण. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना सहा महिने जास्तीचा तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्या घरांत फुफ्फुसाचा क्षय जवळपास निम्म्यानं कमी झाला होता. नुसत्या वरण-भातानं!

म्हणून व्हिसासाठीचा एक्स-रे स्वच्छ आला की काम संपलं, असं समजू नये. त्या दिवशी फुफ्फुसात आजार दिसत नाही, एवढंच तो सांगतो. निजलेला जंतू एक्स-रेत दिसत नाही. परदेशात दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, रात्री घाम येऊ लागला किंवा वजन उतरू लागलं, तर तिथल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगावं की मी भारतातून आलोय, क्षयाची तपासणी करा. तिथल्या तरुण डॉक्टरांनी क्षयाचे रुग्ण फार कमी पाहिलेले असतात, त्यांच्या मनात ते लगेच येईलच असं नाही.

आमच्या या मुलाला खोकला नव्हता. दिवसभर झोप आणि उदासी होती, आणि त्याचा धागा उजेडाशी होता. जानेवारीत विनिपेगला सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि पाचच्या आसपास मावळतो, आणि हा पठ्ठ्या तळघरात. हिवाळ्यात ठरावीक लोकांना दरवर्षी येणाऱ्या या उदासीचं वर्णन नॉर्मन रोझेन्थल यांनी 1984 मध्ये केलं. तेव्हापासून सकाळचा प्रखर उजेड हा त्यावरचा एक मान्य उपचार आहे. मी त्याला रोज सकाळी, बर्फ असला तरी, अर्धा तास बाहेर चालायला आणि दुपारी विद्यापीठाच्या वाचनालयात खिडकीजवळ बसायला सांगितलं. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जायचं, हेही कबूल करून घेतलं. बहुतेक विद्यापीठांत ही सोय शुल्कातच असते आणि आपली मुलं लाजेनं तिकडे फिरकत नाहीत.

ड जीवनसत्त्वाचा हिशेब वेगळा. बोस्टनसारख्या, विनिपेगच्या बऱ्याच दक्षिणेला असलेल्या शहरातसुद्धा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उन्हानं कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, हे 1980 च्या दशकातच सिद्ध झालं आहे. आपल्या सावळ्या कातडीला तर ऊन जास्तच लागतं. तेव्हा तिथे गोळी घ्यावी लागते, पण प्रमाण डॉक्टरांना विचारूनच. इथून नेलेली 60,000 युनिटची पाकिटं साधारणपणे आठवड्यातून एकदा घ्यायची असतात. ती रोज एक अशी घेऊन उलट्या आणि गुंगीत आलेले रुग्ण मी इथे पाहिले आहेत.

आणि आनंदीबाईंच्या शेगडीवरून एक सांगतो, ते पुलगावकरांनाही लागू आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणूस जातो. परदेशातल्या घरांत यासाठी छताला किंवा भिंतीवर एक भोंगा लावलेला असतो. फोडणीच्या धुरानं शेजारचा धुराचा भोंगा वाजतो म्हणून मुलं दोन्ही काढून ठेवतात. काढू नयेत.

मुलाच्या आईवडिलांना मी एकच काम दिलं. "जेवलास का?" हा प्रश्न बंद करायचा, त्याला उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी "ताट दाखव" म्हणायचं. पहिले दोन दिवस तो चिडला. मग आईनं फोनवर समोर बसवून तूरडाळ शिजवायला शिकवली. तिकडच्या भारतीय दुकानात डाळ मिळते आणि हिशेब केला तर ब्रेडपेक्षा महाग पडत नाही, हे त्याचं त्यालाच कळलं.

मार्चमध्ये वडील रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले तेव्हा त्यांनी फोटो दाखवला. ताटात वरण-भात, बटाट्याची भाजी, कांदा. वरण जरा पातळच होतं. "हिंग नाही टाकत म्हणते त्याची माय," ते म्हणाले. वजन दोन किलो भरून आलंय. खोलीही बदलली आहे, आता खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे.