घन उत्प्रेरक आणि पुनर्वापराची कसोटी

विक्रियेस वेग देऊन स्वतः अखेरीस अविकृत राहणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक, ही व्याख्या सर्वपरिचित आहे. तथापि कार्बनी संश्लेषणात उत्प्रेरक म्हणविणारे कित्येक पदार्थ तिला उतरत नाहीत. फ्रीडेल आणि क्राफ्ट्स यांनी १८७७ मध्ये प्रचारात आणलेले ॲल्युमिनियम क्लोराइड हे त्याचे ठळक उदाहरण होय. ॲसिलीकरणात निर्माण होणारा कीटोन त्याच्याशी इतका घट्ट बांधला जातो की, ते सममोल प्रमाणाहूनही अधिक घ्यावे लागते. आणि कीटोन सोडविण्यासाठी शेवटी पाणी घालून त्याचा नाशच करावा लागतो. मागे उरते ते आम्लयुक्त सांडपाणी.

झिओलाइटांनी या अडचणीतून मार्ग दाखविला. सह्याद्रीच्या बेसाल्टात सापडणारे स्टिल्बाइट हे याच कुळातील खनिज. उत्प्रेरणासाठी वापरली जाणारी झिओलाइटे मात्र बहुधा कृत्रिम असतात. त्यांची आम्लस्थाने स्फटिकाच्या जाळीतच बद्ध असतात. बीटा झिओलाइटावर ॲनिसोल आणि ॲसिटिक ॲनहायड्राइड यांपासून ४-मेथॉक्सिॲसिटोफिनोन मिळते व सोबत ॲसिटिक आम्ल निघते. फ्रान्समध्ये ही पद्धती औद्योगिक प्रमाणावर वापरली गेली. तरीही कीटोन व जड उपपदार्थ छिद्रांत अडकून उत्प्रेरक मंदावतोच. सुमारे ५००° से. तापमानास हवेत भाजल्याने साचलेले कार्बनी द्रव्य जळून जाते व त्याची क्रियाशीलता बव्हंशी परत येते.

तेव्हा पदार्थ घन आहे, एवढ्यावरून तो पुनर्वापरयोग्य ठरत नाही. कित्येकदा आधारद्रव्यावरील धातू विद्रावात झिरपतो आणि खरे कार्य तोच करतो. रॉजर शेल्डन व त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये अशा फसव्या उत्प्रेरकांच्या संदर्भात ट्रॉयच्या लाकडी घोड्याचे स्मरण करून दिले. याची परीक्षा अशी: विक्रिया अर्ध्यावर असताना मिश्रण गरम असतानाच गाळावे. थंड झाल्यावर गाळल्यास झिरपलेला धातू पुन्हा घनावर बसण्याचा संभव असतो. गाळलेल्या द्रवात विक्रिया पुढे चालू राहिली, तर उत्प्रेरण घनाचे नव्हे, हे उघड होते.

दुसरा भ्रम उताऱ्याच्या आकड्यांतून उद्भवतो. समजा, एका तासात पूर्ण होणारी विक्रिया दहा तास चालविली. उत्प्रेरकाची निम्मी शक्ती नष्ट झाली असली, तरी प्रत्येक आवर्तनात उतारा तोच दिसेल. म्हणून प्रारंभीच्या वेगांचीच तुलना केली पाहिजे.

‘पर्यावरणस्नेही’ आणि ‘पुनर्वापरयोग्य’ ही विशेषणे या दोन कसोट्यांनंतरच लावणे शास्त्रास धरून होईल.